अक्का, पोराला हाक काय मारायची?

अक्का, अन्याय झाला तो तुझ्यावर. गेल्या कार्तिकात, माझ्या मुलाच्या बारशाला, सकाळी दहाच्या सुमाराला, तांबट आळीतल्या आपल्याच माजघरात. करणारा कुणी पोलीस नव्हता, मामलेदार नव्हता, भटजीही नव्हता. मी होतो. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात घुगऱ्यांचं पातेलं धरून उभी होतीस, पाळणा तुझ्यापासून चार पावलांवर होता, आणि मी तुझा हक्क वीस-पंचवीस बायांच्या देखत काढून घेतला. वर छाती पुढे काढून सांगितलं की ही सुधारणा आहे.

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात आधी सांगायचं कुणावर, कधी, कुणी, रडणं मागाहून. तेवढं सांगून झालं. आता तुझ्याशी बोलतो.

तू जाऊन महिना होत आला. तुझ्यावर 'मृत्युलेख' लिहा असं संपादक म्हणाले, जन्म अमुक, विवाह तमुक, स्वभाव मनमिळाऊ. मी म्हटलं, ती मनमिळाऊ वगैरे नव्हती, तिचं माझ्याशी रोज भांडण व्हायचं. तरी ज्यांना तू ठाऊक नाहीस त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो, रागावू नकोस. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी सख्खी बहीण. बाराव्या वर्षी सायखेड्याला दिलेली, चौदाव्या वर्षी एक ट्रंक आणि मोकळं कपाळ घेऊन परत आलेली. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि मला फार आनंद झाला होता. अक्का आली, आता जाणार नाही! आळीभर सांगत सुटलो होतो. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. तू मात्र दारातच ट्रंक ठेवून माझं नाक पुसलंस.

मला 'बाब्या' तूच केलंस. कागदोपत्री मी मुरलीधर. सभेत मुरलीधरपंत. मागच्या वर्षी गोदेच्या घाटावर सभा होती. मी सरकारच्या नावानं गळ्याच्या शिरा ताणत होतो, लोक भारावले होते, दोन शिपाई वहीत लिहून घेत होते, आणि वरच्या पायऱ्यांवरून तुझा आवाज आला, "बाब्या, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, आधी भाकरी खाऊन घे रे!" सगळी सभा हसली. शिपाईसुद्धा हसले. घरी येऊन मी तुझ्यावर इतका ओरडलो की आई देवापाशी जाऊन बसली. तू माझं ताट वाढत म्हणालीस, "त्या वहीत लिहून घेतलं असेल ना त्यांनी? बाब्या उपाशी होता म्हणून?"

मी हसलो नाही. तेव्हा हसायला हवं होतं.

पोराच्या नावाची गोष्ट सुरू झाली आबांपासून. आपले वडील त्र्यंबक तांबट. आळीत त्यांच्या हंड्याला कुणी नाव ठेवलं नाही, आणि ठोकून ठोकून पन्नाशीतच त्यांचे कान गेले. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा झाला तेव्हा आईनं एकच मागितलं, आजोबांचं नाव ठेवा. मी म्हटलं, ठेवतो, पण एका अटीवर. ते नाव सगळ्यांनी पुरतं घ्यायचं. लाडाचं, तोडकं, वाकडं काही चालणार नाही.

या अटीच्या पोटात माझा डाव होता आणि तो फक्त तू ओळखलास. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, नवऱ्याचं बायको घेत नाही, ही आपल्याकडची चाल. इंदू, माझी बायको, निफाडकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्र्यंबक या गावाचंही नाव तोंडातून काढलेलं नाही. देवदर्शनाला कुठं जाऊन आलीस असं कुणी विचारलं की पश्चिमेकडे हात करायची, "तिकडच्या देवाला." इथून आठ-दहा कोसांवरचं गाव, रोज टांगे भरून माणसं जातात, आणि हिच्या लेखी त्याला नावच नाही. मी या चालीवर पत्रक काढलं होतं, 'सुनांच्या जिभेवरचं कुलूप'. आणि आता मुलाचंच नाव त्र्यंबक ठेवून ते कुलूप मी घरात फोडणार होतो. आईनं मुलाला हाक मारायची म्हणजे सासऱ्याचं नाव घ्यावंच लागेल. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

आता तो दिवस.

पाळणा बांधला होता. सुंठवडा झाला होता. बायका जमल्या. शेजारच्या सखूकाकूंनी विचारलं, "पाळण्याशी कोण? नाव कोण ठेवणार?"

आई म्हणाली, "मुरलीची चुलत बहीण येतेय ना पंचवटीतनं."

"अगं, पण सख्खी आत्या घरात असताना?"

"आहे," आई म्हणाली, "आहे गं, पण..." आणि तिनं तुझ्या कपाळाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

तू चटकन म्हणालीस, "मी घुगऱ्या बघते. खाली लागताहेत."

मग त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. का बघणार नाहीत? 'विधवेला पंगतीत, पूजेत, पाळण्याशी मानाची जागा द्या' हे माझं पत्रक आळीच्या तोंडाशी भिंतीला चिकटवलेलं होतं. महिनाभर पावसापाण्यात टिकलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, "अक्का, ये." दोन शब्द. त्यावर चार बाया उठून गेल्या असत्या, आई रडली असती, सखूकाकूंनी तोंडाला पदर लावला असता. एवढंच झालं असतं.

मी काय म्हणालो? म्हणालो, "मुळात कानात कुर्र करणं हीच खुळी चाल आहे. या घरात कुणीच कुणाच्या कानात काही सांगणार नाही. मुलाचं नाव त्र्यंबक. मी जाहीर करतो. संपलं."

माजघरात एकदम सुटका झाली. आईची सुटका, बायकांची सुटका, माझीही. मागाहून आलेली चुलत बहीण तेवढी फुगली. मला वाटलं, कुणालाच मान नाही म्हणजे समता झाली. अक्का, सरकारही हेच करतं. दोन पक्षांत वाद लागला की सभेलाच बंदी. या युक्तीवर मी स्वतः तीन पत्रकं लिहिलेली आहेत. तीच युक्ती मी माझ्या माजघरात वापरली, आणि दुपारी लाडू खाऊन छापखान्यात निघून गेलो.

तू त्यावर कधी एक अक्षर बोलली नाहीस. भांडलीस ती वेगळ्याच गोष्टीवरून, आणि रोज. तुझं म्हणणं एकच होतं: पोराला लाडाचं नाव पाहिजे.

"त्र्यंबक हे नाव चांगलंच आहे," तू म्हणायचीस. "आबांचं नाव आहे, मला का नको असेल? पण अरे, ते मुंडाशासारखं आहे. मोठा झाला की बांधील. आत्ता टाळूवर टोपडं तरी घालशील की नाही?"

मी तुला शिपायाचं उदाहरण दिलं. चौकीतला शिपाई आळीतल्या प्रत्येकाला गोंद्या, शंकऱ्या, तुक्या म्हणतो. साठ वर्षांच्या गोविंदकाकांनाही गोंद्या. लहानपणी घरच्यांनी नाव मोडलं की पुढे जगाला ते मोडकंच वापरायची सवय लागते. माझ्या मुलाला कुणी त्रिंब्या म्हणणार नाही!

तू पोळपाटावरचं पीठ झटकलंस. "शिपायाच्या तोंडचा गोंद्या आणि गोविंदकाकाच्या आईच्या तोंडचा गोंद्या, दोन्ही एकच का रे? ती म्हातारी मरताना गोंद्या गोंद्या करत होती. तू होतास ना तिथं? तिला का नाही दिलंस पत्रक?"

मी म्हणालो की हा भावनेचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

तरी तू हार मानली नाहीस. रोज जेवताना एक नवं नाव पानात वाढायचीस.

"बंडू कसा?"

"विदूषकाचं नाव."

"छबू?"

"मुलीचं."

"दगडू?"

"अक्का, दगडधोंडे नाव ठेवून दृष्ट टळते ही अंधश्रद्धा..."

"बरं बरं, गिळ घास. आणि गडू?"

गडू! पाणी प्यायचा पोटाळ छोटा तांब्या. मी घास तसाच ठेवून पाच मिनिटं बोललो. तांबटाच्या पोराला भांड्याचं नाव? म्हणजे जन्मभर आळीत बसून ठोकत राहा, हेच ना? जातीचा धंदा नावातच चिकटवायचा? उद्या कोष्ट्याच्या पोराला मागू म्हणा, चांभाराच्या पोराला आरी म्हणा! तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "त्याचं पोट बघितलंस का पण?" आणि पदराआड हसत आत गेलीस. तू कशाला हसत होतीस ते मला काही महिन्यांनी कळायचं होतं.

इंदूच्या बाबतीत मात्र तू हसली नाहीस.

पोर दीड महिन्याचं असेल. मी ठरवलं की आज कुलूप फोडायचंच. इंदूला समोर बसवलं, पोर तिच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, "म्हण. त्र्यंबक."

तिनं मान खाली घातली.

"अगं, तुझा मुलगा आहे हा. मुलाचं नाव घेतेस तू, सासऱ्याचं नाही."

"कळतंय मला," ती म्हणाली. "पण नाय होत."

"का नाही होत? ओठ आहेत, जीभ आहे."

तिनं तोंड उघडलं. खरंच प्रयत्न केला, मी पाहिलं. ओठ हलले आणि डोळे भरून आले. आईनं कोपऱ्यात कानांवर हात ठेवले. तेवढ्यात तू चुलीपासून उठून आलीस. हातात पळी होती, आणि क्षणभर मला वाटलं, आता ही मला मारणार.

"बाब्या, तू इंग्रजाला काय सांगतोस रे? आमच्या तोंडात तुमचे शब्द कोंबू नका, म्हणून सांगतोस ना? मग हे काय चाललंय?"

"मी तिला मोकळी करतोय!"

"तिनं सांगितलं का तुला, मला मोकळी कर म्हणून? की पत्रकात लिहिलं होतं म्हणून करतोयस?"

आणि मग मी ते वाक्य बोललो. ते मला परत घ्यायचं आहे, अक्का, पण घेऊन ठेवू कुठं? मी म्हणालो, "तू तिची बाजू घेणारच. तूही कधी तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं नाहीस. आता तर ते नाहीत, आता कसली भीती? घे पाहू."

इंदूनं दचकून माझ्याकडे पाहिलं. तू पळी खाली ठेवलीस.

"घेतलं असतं रे," तू म्हणालीस. आवाज चढला नाही, पडलाही नाही. "नाव ठाऊक आहे मला. पण त्यांचा चेहराच आठवत नाही. दोनदा का तीनदा बघितला असेल नीट. मग ते नाव घेऊन लावू कुणाला?"

तू पोर उचललंस आणि परसात गेलीस. त्यानंतर मी इंदूला नाव घ्यायला कधी सांगितलं नाही. तुझी माफीही मागितली नाही. तत्त्वाचा माणूस होतो ना.

एक गोष्ट मला परवापर्यंत दिसली नव्हती, ती सांगतो. मी सुनेच्या जिभेवर पत्रक लिहिलं, पण आई? आबा तिचे नवरे. तीही त्र्यंबक म्हणणार नव्हती, जन्मात नाही. म्हणजे घरात तीन बायका, आणि त्या पोराचं नाव उच्चारू शकणारी तू एकटीच, लेक म्हणून. आणि ते नाव ठेवायला बंदी तुलाच. याहून चांगला मूर्खपणा मला सरकारी गॅझेटातही सापडलेला नाही.

मग पोराच्या कानांचं ते प्रकरण झालं.

माघ संपता संपता पोर चार महिन्यांचं होऊन गेलं, आणि मी "त्र्यंबक!" म्हणून हाक मारली की ते छताकडे बघायचं. टाळी वाजवली, नाही. पाळण्याशेजारी घंघाळ ठोकून पाहिलं, तर ते झोपून गेलं. आता आळीतल्या पोराला ठोकण्याचा आवाज म्हणजे अंगाई, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आबा होते. शेवटच्या वर्षांत त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या तोंडासमोर बसून हातवारे करावे लागायचे. मला वाटलं, हेही रक्तात आलं. माझा मुलगा बहिरा आहे. चार दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तुला सांगितलं, कारण अशा गोष्टी मी लहानपणापासून तुलाच सांगत आलो.

म्हटलं, "अक्का, पोराला ऐकू येत नाही वाटतं. किती हाका मारतो. डॉक्टरला दाखवायला हवं."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग पदर तोंडात कोंबलास. मग खांबाला टेकून खाली बसलीस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. "दाखव, दाखव," म्हणालीस, "आणि डॉक्टर काय म्हणतात ते मला येऊन सांग." आतून इंदूच्या बांगड्या वाजल्या. तीही हसत होती.

मी भडकलो. माझं पोर बहिरं असेल आणि ह्या हसताहेत! दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू दोनदा म्हणालीस, "बाब्या, इकडे ये, तुला एक गंमत सांगते." मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तिसऱ्या दिवशी तुला ताप चढला.

आधी वाटलं, उन्हाचा असेल. वैद्य झाले, मग डॉक्टर झाले, विषमज्वर म्हणाले. मी डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवायचो आणि मनात ठरवायचो, उतरला की बोलू. एक दिवस दुपारी जरा उतरला. इंदू पोराला घेऊन दारात उभी होती. तू म्हणालीस, "हाक मार त्याला."

मी म्हटलं, "त्र्यंबक."

पोर तुझ्याकडे बघत राहिलं. माझ्याकडे वळलं नाही. तू डोळे मिटलेस आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसलीस. मला वाटलं, तापात आहे. दोन दिवसांनी तू गेलीस.

आता तुला ठाऊक नसलेलं एवढंच: मला कसं कळलं.

चौदावा दिवस झाला होता. पाहुणे गेले होते. मी ओसरीवर पोराला मांडीवर घेऊन पत्रकाची मुद्रितं तपासत होतो. मी घरात आहे याचा इंदूला विसर पडला असावा. आतून तिचा आवाज आला, अगदी सहज, "गडू! कुठं हाय माझा गडू?"

आणि मांडीवरचं पोर गर्रकन वळलं. माझ्या हातातली शाईची दौत मुद्रितांवर सांडली. पोर आतल्या दाराकडे झेपावत होतं, तोंड उघडून हसत होतं. ऐकू येत होतं त्याला. सगळं ऐकू येत होतं.

इंदू दारात आली, मला पाहून थिजली.

मी विचारलं, "हे नाव कुणी ठेवलं?"

"वन्संनी."

"कधी?"

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "बारशाच्याच दिशी. तुम्ही छापखान्यात गेले, सासूबाई भद्रकालीला गेल्या. मी वन्संना म्हनलं, या इकडं. पाळणा बांधलेलाच हाय. तुमचं काम राह्यलंय."

"तू म्हणालीस?"

"मग कोन म्हननार? त्या नको म्हनत होत्या. म्हनल्या, माझी सावली कशाला. मी म्हनलं, पोर माझं हाय ना? मग सावली कुनाची पाडायची ते मी ठरवीन."

अक्का, ही ती मुलगी, जिच्या जिभेचं कुलूप मी फोडत होतो.

ती सांगत गेली. तुम्ही दोघींनीच पोराला पाळण्याच्या वरून घेतलं, खालून घेतलं. तू वाकलीस, कानाशी तोंड नेलंस, कुर्र केलंस आणि आधी म्हणालीस 'त्र्यंबक', कारण बाब्यानं ठेवलंय, ते खरं. मग म्हणालीस 'गडू', कारण हाकेला काहीतरी हवं. नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत बुक्के मारतात ना? चार बाया हव्या असतात. "मी एकटीच व्हते," इंदू म्हणाली, "म्हनून चौघींचे मीच मारले. वन्सं लय हसल्या. मंग बसून रडल्या."

"मला का नाही सांगितलं?"

"त्या म्हनल्या, त्यानं विचारलं की सांगू. विचारील तो. भाऊ माझा वाईट नाय, फक्त घाईत असतो."

मी विचारलं नाही. चार महिने मी तुला तत्त्वं सांगितली, उदाहरणं सांगितली. 'अक्का, तुला काय वाटतं, तू कोणतं ठेवलं असतंस?' एवढंच विचारलं नाही.

पुढे कळलं की सगळी आळी पोराला गडू म्हणते. सखूकाकूही म्हणतात. आणि आई? तिला चार दिवसांतच कळलं होतं. इंदू म्हणते, त्या दिवशी आई पोराला उचलून म्हणाली, "काय रे गडू," आणि तुझ्या पानात तूप वाढलं. तुझ्या कपाळाकडे बघून जिची जीभ अडखळली होती, तिनं ते असं मिटवलं. म्हणजे विधवेनं पाळण्याशी उभं राहावं ही सुधारणा माझ्या घरात झाली, पूर्ण झाली, पचलीसुद्धा; फक्त पुढाऱ्याला कळवायची राहिली.

भांडण मिटलं असं मात्र समजू नकोस. गडू हे नाव मला अजूनही पटलेलं नाही. भांड्याचं नाव ते भांड्याचंच. शाळेत घालताना मी मास्तरांना त्र्यंबक मुरलीधर असं पुरतं लिहायला लावीन, आणि शिपायानं त्रिंब्या म्हटलं तर त्याची खैर नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिही की. मी कुठं नको म्हणतेय?" आणि मग मी हरलो असतो, नेहमीसारखा.

काल इंदू पाण्याला गेली होती. घरात कुणी नाही असं पाहून मी पाळण्याशी वाकलो आणि ते नाव घेतलं. हळूच, चोरासारखं. ते वळलं. माझ्याकडे वळलं, अक्का. मी मुलाच्या जन्मानंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्याला हाक मारली, आणि ती तुझ्या शब्दानं.

तुझे उपकार मानायला मला येत नाही. आपल्या घरात ती पद्धत नाही. माफी मागायला येते की नाही, ते ठाऊक नाही, कारण करून पाहिलेलं नाही. मी हे छापतोय, ते त्याऐवजी. ज्यांनी माझं भिंतीवरचं पत्रक वाचलं त्यांनी हेही वाचावं. त्या पत्रकातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तो लिहिणारा कार्तिकातल्या त्या सकाळी भित्रा निघाला.

आता तुझ्याशी बोलणं थांबवतो आणि वाचणाऱ्याकडे वळतो. जे काम तुझ्या हयातीत मी केलं नाही, ते त्याच्याकडून वसूल करायचं आहे.

वाचक, तुमच्या घरात किंवा तुमच्या भावाच्या घरात येत्या महिना-दोन महिन्यांत बारसं असेल. त्या घरात मोकळ्या कपाळाची एक आत्या असेल. ती आत्ता स्वयंपाकघरात असेल, तुम्ही तिला कधी तिथून बाहेर बोलावलेलं नसेल. समारंभ रद्द करू नका. ती पळवाट आहे, मी वापरलेली आहे. चाल खुळी आहे असं भाषण देऊ नका. आमंत्रणावर तिचं नाव लिहा. पाळण्याशी तिला सगळ्यांच्या देखत उभी करा, तुम्ही घरात नसताना तुमच्या बायकोला ते करावं लागू देऊ नका. कुणी उठून गेलं तर जाऊ द्या, घुगऱ्या उरतील.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. हा कागद खाली ठेवा, आत जा, आणि मुलाचं नाव काय ठेवावं ते तिला विचारा. उद्या नाही. आज.